निळ्या नळाखालचा घोट

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा नळजोडणी आणि गळती शोधणे, हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. भीती आहे ती माझी स्वतःची. उद्या माझ्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा आहे. जन्मभर दुसऱ्यांचे बदलले, आता कुरकुर कुठल्या तोंडाने करू? याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहत्या दोन खोल्या बायकोच्या, तिच्या पश्चात दोन्ही मुलांच्या, सारख्या हिश्श्याने. अट एकच. गल्लीकडच्या भिंतीतून काढलेला पितळी नळ कोणी बंद करू नये. समोरच्या ओट्यावरचा निळा नळ एका समाजसेवी संस्थेने बसवलेला. त्याला कार्ड लागतं, आणि भाडेकरूंना कार्ड देत नाहीत. थोरला मला म्हणाला, "आबा, आपण काय धर्मादाय दुकान उघडलंय का?" अरे, धर्म करायला मी कोण? पाणी त्यांच्या हक्काचं आहे. तहान लागताना कोणी कार्ड विचारत नाही.

२. बँकेतलं सगळं बायकोचं. मुलं गोड बोलतील. तिने ऐकून घ्यावं, सही करू नये.

३. पाने, पाइप कटर, आटे पाडायची डाय धाकट्याला. त्याने पाना उचलला की नळच घाबरतो, पण हात बसेल.

४. ऐकायची सळई थोरल्या सुनेला. लोखंडी, कमरेएवढी, एक टोक जमिनीवर, दुसरं कानामागच्या हाडाला. जमिनीखाली पाणी कुठे गळतंय ते तिच्यातून ऐकू येतं. मुलं रुसतील. रुसू देत. कारण कलम सहात आहे.

५. भिंतीवरचा फोटो कोणालाच नको. त्यात मी आणि नळ-ओट्याचा नकाशा काढणारे संस्थेचे चष्मेवाले साहेब निळ्या नळाशेजारी हसतोय. नळ देखणा आहे, खोटं कशाला बोलू? पायाने दाबायचा, हंसाच्या मानेसारखा. त्याला कुठलंसं बक्षीसही मिळालं. पण पाइप गटाराला चिकटून टाकत होते तेव्हा मी म्हणालो, "साहेब, वरच्या अंगाने न्या." ते म्हणाले, "काका, मग ओट्याची गोलाई मोडते." मी म्हणालो, "पाणी तुमच्या कागदावरून जाणार नाही." ते हसले, मीही हसलो, आणि 'स्थानिक तज्ज्ञ' म्हणून सही ठोकली. ओट्यावरच्या पितळी पाटीवर नाव येणार होतं ना! साहेबांवरचा राग मी इथे सोडतो. स्वतःवरचा सुटत नाही.

६. पाणी तासभर येतं. ते बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि सांधा उघडा असेल तर आजूबाजूचं आत ओढतो. गेले बारा दिवस, पाणी गेल्यावर, मला ओट्याखाली तसा आवाज येतोय. मी कोणाला बोललो नाही. गेल्या वर्षी मी अख्खा रस्ता खणायला लावला होता आणि गळती म्हणून जी निघाली ती शेजारच्या फ्रिजची घरघर होती. तेव्हापासून गल्ली मला 'खड्डेमास्तर' म्हणते. शिवाय डॉक्टर म्हणतात, या आजारात स्वतःचंच रक्त कानात वाजतं. बारा दिवस मी हेच घोकत बसलो: रक्त की पाइप? काल शिंपीणबाईंची लेक उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात गेली.

आज दुपारी, पाणी गेल्यावर, थोरल्या सुनेला ओट्यापाशी नेऊन तिच्या हातात सळई दिली. काय ऐकायचं ते सांगितलं नाही. ती वाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आबा, पाणी तर गेलंय. मग खाली कोण घोट घेतंय?"

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे कलम तसं नाही. साक्षीदारांनी ते आत्ता वाचावं. निळा नळ आजच बंद करावा. गल्लीने माझ्या भिंतीच्या नळावर भरावं. त्याचा पाइप वरच्या अंगाने, गटारापासून लांब आलाय, पाणी स्वच्छ आहे. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यापासून तीन पावलांवर खणावं. काही निघालं नाही तर मला आणखी एक नाव ठेवा, मी ओ देईन. निघालं तर पाटीवरचं माझं नाव खरवडू नका. खाली एवढं लिहा: सही यानेच केली होती.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मंगळवार.

लिहून ठेवणार: नळवाला (सही)

साक्षीदार पहिला, कोपऱ्यावरचा सायकलवाला: मजकूर वाचला. मास्तर म्हणाले, सही कर. मी म्हणालो, आधी कुदळ. सांधा बोटभर उघडा होता, गटार त्याला लागून. (सही)

साक्षीदार दुसरी, शिंपीणबाई: वरीलप्रमाणे मीही पाहिलं. दवाखान्यात पाण्याचं कळवलं आहे. सही खाली आहे. कागदाला चिखल लागला, तो माझ्या हातांचा. पुसू नये.