अबू सुहैलचा हलका मन्सफ

१ नोव्हेंबर, शनिवार

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर माझ्याच शाळेतला जुना विद्यार्थी. म्हणाला, सर, तुमच्या अंगात रक्त कमी आणि तूप जास्त झालंय. शाळेत हा शेवटच्या बाकावर बसायचा. तरी राग मानला नाही.

निश्चय : आजपासून या घरात हलकं जेवण. पदार्थ तेच, फक्त कॅलरी नाहीत. जमणार. ज्याने तीस वर्षं करकच्या पोरांना भूगोल शिकवला त्याला वांगी जड नाहीत.

योगही छान जुळून आला. बायको, फिद्दा, जिन्यावरून घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये. महिनाभर स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. (हात मोडला याचं वाईट वाटतं, हे लिहून ठेवतो.)

आणखी एक. सुहैलचं जुळत आलंय. त्याच्याच दवाखान्यातली नर्स, अरीज. माणसं ज़र्काची. अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, घर बघायला आणि जेवायला येणार, मग उत्तर कळवणार. पोरगा चौतीसचा झाला. आधीची दोन स्थळं हातची गेली. हे गेलं तर तो पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही, असं त्याने आईला सांगितलंय. मला सांगितलं नाही, पण भिंती पातळ आहेत.

३ नोव्हेंबर, सोमवार

मसुराचं सूप. तेल नाही, कांदा तळला नाही, मीठ नावाला. रंग चांगला आला होता.

फिद्दा म्हणाली, मला वाटलं भांडी विसळलेलं पाणी आहे, टाकून देणार होते. करकमधल्या कुठल्याही लग्नात तिला आधी स्वयंपाकघरात बोलावतात, मग मांडवात. अशा बाईला नवीन गोष्ट पचायला वेळ लागणार. सुहैल म्हणाला, बाबा, पोट भरलंय, दवाखान्यात खाऊन आलो. पोरगा आपणहून कमी जेवायला लागला. परिणाम दिसू लागलेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मक्लूबा केला. बायका वांगी भरपूर तेलात तळून भाताखाली लावतात. मी ओव्हनमध्ये कोरडी भाजली. भातात निम्मा किसलेला फ्लॉवर. भांडं परातीवर उपडं करायची वेळ आली तेव्हा शेजारची उम्म ज़ैदही होती, फिद्दाला बघायला आलेली. तिच्यादेखत भांडं उपडं केलं. भांड्याची पाठ थोपटली. काही पडलं नाही. पुन्हा थोपटली. मग मधला भाग धपकन पडला, बाकी सगळं वर चिकटलेलं.

उम्म ज़ैद म्हणाली, माशाल्ला, अर्धा तरी आला. फिद्दा खिडकीबाहेर बघत राहिली.

दोष भांड्याचा. नॉनस्टिक घ्यायला हवं.

८ नोव्हेंबर, शनिवार

वजन केलं. तसूभर कमी नाही, उलट किंचित वाढलेलं. वजनकाटा जुना आहे. शिवाय फरशी सपाट नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीची बॅटरी उतरते. मोठ्या रस्त्यावर लांब चालवली की चार्ज होते असं ऐकलं होतं, म्हणून अम्मानच्या हायवेने कतरानापर्यंत गेलो. तिथे एक हॉटेल आहे, ट्रकवाल्यांचं. पाणी प्यायला थांबलो. वेटरने (हुसाम, बोलका माणूस) काही न विचारता मन्सफ समोर ठेवला, भातावर मांस आणि वर जमीदचा रस्सा. परत पाठवणं असभ्यपणाचं झालं असतं. अन्नाचा अपमान होतो.

अभ्यास म्हणून खाल्ला. मुद्दे : जमीद (म्हणजे वाळवून गोळे केलेलं दही) अस्सल करकचा, दाट, आंबट. भातावर तूप चमकत होतं. मांसाला चरबीची झालर. एका थाळीत कॅलरी किती असतील याचा विचारही करवत नाही. त्यामुळे केला नाही.

करकमध्ये खाल्लं असतं तर लोकांनी गैरसमज करून घेतला असता. गावभर माझ्या आहाराची चर्चा आहे. मीच केली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा बॅटरी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बॅटरी. हुसाम म्हणाला, अबू सुहैल, तुमच्यासाठी चरबीचा तुकडा बाजूला काढून ठेवतो मी. किती आपुलकी! मी म्हणालो, बरं, पण छोटा. त्याने मोठा ठेवला.

विजारी धुऊन धुऊन आटल्या आहेत. फिद्दा एका हाताने मशीन लावते, पाणी फार गरम ठेवते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फिद्दाने बसवून घेतलं. म्हणाली, अबू सुहैल, पुढच्या शुक्रवारचं जेवण माझं. हात माझा नाही चालत, म्हणून तुमचे हात वापरणार. डोकं माझं चालेल. बहिणीकडून जमीद आलाय, गुरुवारी भिजत घालायचा. अख्खा बकरा कापायचा. तूप घालायचं. तुमचं ते फ्लॉवरबिवर दिसलं तर हे प्लास्टर तुमच्या डोक्यात घालीन. हे माझ्या पोराचं लग्न आहे.

मी शब्द दिला. मनापासून दिला. त्या क्षणी तरी मनापासूनच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विचार करतोय. मुलीचे वडील अबू फव्वाज, त्यांचे दोन भाऊ आणि म्हातारे चुलते हाज मिकबल. मुलीची आई आणि बाकी बायका आत, फिद्दाकडे. बातमी अशी की हाज मिकबलांना हार्टचा त्रास आहे. आता अशा माणसासमोर तूप ओतायचं म्हणजे पाहुणचार की खून? जो यजमान पाहुण्याच्या काळजाची काळजी घेतो तो खरा यजमान. ते ज़र्काला जाऊन सांगतील, अबू सुहैलकडे जेवलो आणि अंग हलकं वाटलं. पोरगी अशा घरात पडली तर सुखी राहील, हे त्यांना आपोआप कळेल.

फिद्दाला नंतर सांगेन. यश आल्यावर सांगितलेलं लोक लवकर मान्य करतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ

जमीदचे दगडासारखे गोळे फिद्दाच्या देखरेखीखाली भिजत घातले. ती नमाजाला गेली तशी पातेली बदलली. जमीद गच्चीवर, झाकून. स्वयंपाकघरात लो-फॅट दही.

बकरा आला. चरबी सगळी काढली. तिचा गोळा उम्म ज़ैदच्या मांजराला दिला. डोकंही बाजूला ठेवलं. डोक्यात चरबी भयंकर असते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

दही उकळायला ठेवलं आणि फुटलं. पाण्यात गुठळ्या. कॉर्नफ्लॉवर घातलं. आता कागद चिकटवायच्या खळीसारखं झालंय, पण रंग पांढरा आहे आणि मन्सफही पांढराच असतो. फ्लॉवर किसून भातात मिसळला, यावेळी निम्म्याहून थोडा जास्त.

फिद्दा दोनदा डोकावली. वास का येत नाही, म्हणाली. म्हणालो, तुला सर्दी झाली असेल. पाहुणे आले की ती बायकांच्या खोलीत बसणार, ताट मी आणि सुहैल बाहेर नेणार. सगळी योजना चोख आहे.

त्याच दिवशी, दुपारी तीन

उत्तम पार पडलं!

यजमान पाहुण्यांबरोबर बसत नाही, त्यामुळे मी रीतीप्रमाणे उभा राहून ताटावर दही ओतत होतो. सगळं नीट बघता आलं. चौघांनी बाह्या सरसावल्या, डावा हात पाठीमागे, उजव्या हाताने भाताचा गोळा वळायला घेतला. फ्लॉवरचा गोळा वळत नाही, हे मला माहीत नव्हतं. दही त्यांच्या बोटांतून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. अबू फव्वाजांच्या थोरल्या भावाने तीनदा वळला, तीनदा फुटला. चौथ्यांदा त्याने तो तसाच तोंडात फेकला. चिकाटीचा माणूस.

हाज मिकबलांनी ताटावर नजर फिरवली. काहीतरी शोधत असावेत. मग अगदी मायेने विचारलं, बाळा, घरात कोणी आजारी आहे का? मी म्हणालो, नाही नाही, सगळे ठणठणीत. ते म्हणाले, अल्लाची कृपा.

सुहैल माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

इतक्या लवकर तृप्त झालेले पाहुणे मी पाहिले नाहीत! अबू फव्वाज उठले, म्हणाले, तुमचं ताट सदा भरलेलं राहो. खरोखरच अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. कॉफीचा एक घोट घेतला आणि लांब जायचंय म्हणून निघाले, बायकांचं ताट आत जायच्या आधीच. पोट जड नसलं की माणूस चपळ होतो.

फिद्दाने उरलेलं ताट अजून पाहिलेलं नाही. बायका मुलीच्या आईला गाडीपर्यंत सोडायला गेल्यात. मला सडकून भूक लागली आहे. ताटात पुष्कळ आहे, पण ते खावंसं वाटत नाही. बॅटरी बघून येतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

लिहवत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लिहिलं पाहिजे. नाहीतर ते डोक्यात फिरत राहील.

कतरानाला पोचलो. हॉटेलात शिरलो. हुसाम लांबूनच ओरडला, या या अबू सुहैल! नेहमीचंच ना? चरबीचा तुकडा राखून ठेवलाय! सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. भिंतीजवळच्या टेबलावरचे चौघेही वळले.

अबू फव्वाज. दोघे भाऊ. हाज मिकबल. पुढे मोठी परात, बाह्या कोपरापर्यंत. हाज मिकबलांच्या हातात भाताचा घट्ट, गोल गोळा, तोंडाच्या वाटेवर थांबलेला. हार्टवाला माणूस. ज़र्काची वाटही याच हायवेने जाते, हे भूगोलाच्या मास्तराला सुचलं नव्हतं.

पळून जावंसं वाटलं, पण हुसाम खुर्ची घेऊन मागे उभा होता. मग अबू फव्वाज उठले. रीत ती रीत. छातीवर हात ठेवून म्हणाले, या अबू सुहैल, आमच्याबरोबर बसा.

मी म्हणायला हवं होतं की नको, सहज आलो होतो. बॅटरीचं सांगता आलं असतं. पण वास आला. मी बसलो. मी माझ्याच पाहुण्यांचा पाहुणा झालो. हाज मिकबलांनी मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा तोडून माझ्यापुढे ठेवला, म्हणाले, खा बाळा, दिवसभर उभा होतास. आणि मी खाल्लं. भरपूर खाल्लं. लाज वाटत होती आणि तरी हात थांबत नव्हता.

पडद्यापलीकडे त्यांच्या बायका होत्या. तिकडून मुलीच्या आईचा आवाज आला, उम्म सुहैल आल्यात का बरोबर? त्याही बिचाऱ्या उपाशीच असतील. मी म्हणालो, नाही, ती घरी आहे.

मग अबू फव्वाज हळू आवाजात म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. वहिनींचा हात मोडलाय. एका हाताने एवढं केलं हेच पुष्कळ. बाईमाणसाचं कौशल्य हातात असतं, हातच नाही म्हटल्यावर काय करणार.

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. एवढं मला काल संध्याकाळी वाटत होतं. आज वाटत नाही.

निघताना खिशात हात घातला तर हुसाम म्हणाला, पैसे पोचले. माझ्या जेवणाचे सुद्धा.

घरी आलो तेव्हा फिद्दा स्वयंपाकघरात त्या परातीसमोर स्टुलावर बसलेली होती. गच्चीवरचा जमीद तिने शोधून काढला होता. ओरडली नाही. एवढंच विचारलं की डोकं कुठे आहे. म्हणालो, फ्रीजरमध्ये. म्हणाली, म्हणजे ताटावर डोकं नव्हतं, त्यांना वाटलं असणार की बकरा कापलाच नाही, बाजारातून मांस आणलं. त्यांच्यासाठी एक जनावरही कापलं नाही आपण. बरं झालं.

बरं झालं असं ती म्हणाली, पण तसं तिला म्हणायचं नव्हतं. सुहैल खोलीतून बाहेर आला नाही. मी हॉटेलातलं काही सांगितलं नाही. म्हणालो, बॅटरी ठीक आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

उत्तर नाही. सुहैल फोन उलटा ठेवून बसतो. दवाखान्यात अरीजची ड्यूटी बदलली आहे, असं तो आईला म्हणाला. मी मसुराचं सूप केलं, तेल घालून, कांदा तळून. कोणी जेवलं नाही. मी त्याला म्हणणार होतो की चूक माझी आहे. दारापर्यंत गेलो. तो झोपला असेल असं वाटलं, म्हणून परत आलो. झोपला नव्हता, दिवा चालू होता.

१ डिसेंबर, सोमवार

होकार आला!

अबू फव्वाजांचा फोन सुहैललाच आला. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने आईला उचललंच जवळजवळ, प्लास्टरसकट. मलाही मिठी मारली, थोडी कमी वेळ. मला रडू आलं, ते मी खोकल्यात लपवलं.

मग सुहैल म्हणाला, एक अट आहे. अट नाही, विनंती आहे म्हणाले. लग्नाचं जेवण त्यांच्याकडे.

लग्नाचं जेवण मुलाच्या बापाने घालायचं असतं. माझ्या बापाने माझं घातलं, त्याच्या बापाने त्याचं. मुलीकडच्यांनी ते मागून घेणं म्हणजे आमच्या दारात यापुढे जेवणार नाही, असं गोड शब्दात सांगणं. करकमध्ये हे कळलं तर मला मशिदीत मागच्या ओळीत उभं राहावं लागेल. कळणारच. उम्म ज़ैद दारातच उभी होती.

सुहैल म्हणाला, ते म्हणाले, वहिनींच्या हाताला त्रास नको. बाकी काही नाही. वाईट वाटून घेऊ नका म्हणाले.

फिद्दाने माझ्याकडे बघितलं. तिच्या भावाच्या लग्नात हजार माणूस जेवलं होतं, तो मन्सफ तिने एकटीने उभा केला होता. अजून लोक नाव काढतात. विचारलं, त्यांना वाटलं ते जेवण मी केलं?

म्हणालो, हो.

म्हणाली, तुम्हाला कसं ठाऊक?

तेव्हा कतरानाचं सगळं सांगावं लागलं. हुसाम, परात, पडदा, सगळं. सुहैल ऐकत होता. मध्येच तो उठून बाहेर गेला.

फिद्दाने शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, ते तसं म्हणाले तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत, की हे मी केलं, माझ्या बायकोने नाही?

मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, माझ्या तोंडात घास होता.