दोन दारांच्या मध्ये

१२ मार्च

आज उल्हास घरी आला. शॅनन गावच्या दाहिनीतून, माझ्या मांडीवर, डब्यात.

सासूबाईंचा नाशिकहून फोन — "नीलिमा, अस्थी घरात नेऊ नकोस हं! बाहेर झाडाला टांग." झाडाला! इथे आयर्लंडात, गॉलवेच्या या वाऱ्यात? शेवटी पोर्चमध्ये ठेवला. एक दार बाहेरचं, एक आतलं, मध्ये तो. नवरा गेला, पण सासूचा धाक काही जात नाही.

१९ मार्च

युनिव्हर्सिटीत परत. प्रबंध तोच — मध्ययुगीन ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या कबरी. वेदीपाशी पुरायला मनाई. म्हणून मठ बांधणाऱ्यांच्या कबरी पुष्कळदा नार्थेक्समध्ये, म्हणजे आपल्या ओसरीत. मठातले लोक प्रार्थनेला जाता-येता त्यांचं नाव घ्यायचे.

हे मी कितीदा लिहिलंय, तळटिपांसकट! आज वाचताना हुंदकाच फुटला. माझा माणूस ओसरीतच आहे की.

२ एप्रिल

बाहेर पडताना "येते रे" म्हणते. आल्यावर दिवसभराचं सगळं सांगते. आज कुरिअरवाल्याने खोकं नेमकं त्याच्या शेजारी ठेवलं, वर "ग्रँड!" म्हणाला, म्हणजे इथलं "झकास!" हसले. मग रडले. त्याचा हात हवाय मला. डबा कुठे बोलतो?

९ एप्रिल

उल्हासच्या आई येतायत. अस्थी न्यायला, गोदावरीत सोडायला. नाही देणार!

२० एप्रिल

आई आल्या. पोर्चमधून खाली मान घालून आत गेल्या, डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जेवताना मी माझ्या कबरींचं पुराण लावलं. म्हटलं, आई, दारात ठेवायची रीत आहे जगात. वकिलीच ती! त्या भात कालवत ऐकत होत्या.

"म्हणजे धड आत ना बाहेर. आणि किती दिवस?"

"देव सगळ्या मेलेल्यांना उठवेपर्यंत."

"अगं बाई! तोवर बिचाऱ्यांनी ताटकळायचं?"

जाऊ द्यायला हवं त्याला. कळतंय, पण वळत नाही. परवा दुपारी त्यांचं विमान.

२२ एप्रिल

सकाळी पोर्च रिकामा. न सांगता नेला? धावत आत आले.

डबा सोफ्यावर, आईंच्या शालीत गुंडाळलेला. शेजारी त्या.

"मीच नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण निघायच्या आधी घटकाभर घरात बसू दे गं त्याला. ये, तूही बस."