विहीणबाई, मी दह्यावर आहे

प्रिय विहीणबाई,

जयभीम.

तुम्ही जाऊन वर्ष व्हायला आलं, आता पत्र कशाला, असं म्हणाल. मला लिहिता येत नाही, तुम्हाला वाचता येत नव्हतं. पण आपल्या दोघींची नात शिकलीय, म्हणून मी सांगायलेय आणि सुमेधा लिहायलीय. तिला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लातूरला आमच्याकडे आलीय. आणि मी दह्यावर आहे. हसा आता.

आठवतंय का? ही जन्मली तेव्हा माझी सून तुमच्याकडे, भोकरला, बाळंतपणाला होती. मी बघायला आले तर तुम्ही न्हाणीत पाय लांब करून बसलेल्या, नडग्यांवर ही पालथी, आणि तुम्ही गरम पाणी असं घालत होतात की लेकराचं रडणंच विरून गेलं. मी म्हटलं, एक दिवस मला द्या. दिलं नाहीत. वर म्हणालात, "ही माझ्या पायावरची. हिचं लेकरू तुमच्या पायावर. तवर खाली बसता आलं म्हंजे झालं."

काय हो तुमची नजर! नेमकं खाली बसणंच गेलं माझं. तुमच्या मातीला आले तेव्हा सगळ्या बाया जमिनीवर आणि मी एकटी खुर्चीवर, कलेक्टरीण असल्यासारखी. तुम्ही असतात तर सोडलं असतं का मला?

लग्नात तरी कुठं सोडलंत. लातूर नुकता जिल्हा झालेला, आमचे हे नव्या कचेरीत शिपाई लागलेले, आमची माणसं जरा ताठ्यातच होती. तुम्ही आमच्याकडं पहिल्यांदा जेवायला बसलात, एक घास घेतलात आणि म्हणालात, "जिल्हा झालाय खरं, पर वरण अजून तालुक्याचंच हाय." आमचे हे महिनाभर वरणाकडं बघत नव्हते.

तर गुडघ्यासाठी लेकानं मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आजी, वजन उतरलं तर खाली बसता येईल. संध्याकाळी एक वाटी दही खायचं, साखर नाही. मी औषध समजून नेमानं घेतलं. आधी वाटी संपवायची, मग दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. औषध घेऊन उपाशी कोण झोपतं? त्यात गल्लीत बोभाटा झाला की आजीला पथ्य लागलंय. झालं, बाया धपाटे घेऊन समाचाराला येऊ लागल्या. आलेल्या बाईचं मन कसं मोडायचं?

महिन्यानं काट्यावर उभी राहिले तर काटा पुढंच गेलेला. सुमेधा सोबत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, दही जेवणाच्या जागी होतं. जेवणाच्या आधी नाही." मी म्हटलं, मग तसं सांगायचं की बाई. सुमेधा पोट धरून हसायली, त्या पोटात लेकरूही हसत असेल.

तेव्हापासून खरं दही चालू आहे. ही समोर बसून वाटी संपवून घेते आणि भाकरीची टोपली उचलून नेते.

इकडं यंदा पाणी आगगाडीनं यायलंय. म्हशी छावणीत. रेणापूरहून दूध घालणारा म्हणतो, "मावशे, म्हशी चाऱ्यावाचून उतरल्या, अन् तुमी दही खाऊन उतराया बघता." लाज वाटते हो. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही तिकडं खडी फोडली, मी इकडं. कामावर मिळायच्या त्या सरकारी सुकडीवर दिवस काढले. तेव्हा दही दिसलंच तर अंगाला लागावं म्हणून खायचं. अंगावर उतरवायला होतं काय?

एक राग मात्र आहे तुमच्यावर. जन्मभर दही-भाकरी खाल्लीत आणि ज्वारीच्या धाटासारख्या बारीक राहिलात. मी येता-जाता टोमणे मारायची, विहीणबाई, जरा अंग धरा. एकदा तरी सांगायचं होतं, की बाई, तुम्हीच जरा अंग उतरवा. आणि जाडी मागं ठेवून बारकीनं पुढं जायचं, हा कुठला न्याय? वरणाला नावं ठेवायला आता कुणी येत नाही घरी.

बरं, ऐका. काल मी न्हाणीत बसले. भिंतीला धरून, दम खात, पण बसले, आणि पाय पुरते लांब केले. सुमेधानं टाळ्या वाजवल्या. उठवायला शेजारच्या दोघी बोलवाव्या लागल्या, ते सोडा. अंघोळ घालणारीनं बसायचं असतं, तिला उठवायचं काम बाकीच्यांचं.

तेव्हा शब्द देते. लेकरू येईल ते माझ्याच पायावर येईल. पाणी जपून घालीन, तेलाला मात्र हात आखडणार नाही. आणि ते रडायला लागलं की त्याच्या कानात सांगीन, "तुझी भोकरची पणजी असती तर तू रडला नसतास. तिच्यासारखं पाणी मला कधीच घालता येणार नाही." तुमच्या तोंडावर हे म्हटलं नसतं मी, मेले तरी.

तुमची जाडी विहीण,
सुमेधाची लातूरची आजी
(अंगठा)