साठावर अडलेला काटा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आईचे गुडघे कुरकुरतात, बाबांचं तोंड चालू आहे, आजारी आहे ती फक्त होडीची मोटर. (तुझी तब्येत विचारली असं समज.)

गेल्या महिन्यात बाबा एकटेच पाण्यात गेले आणि मोटर बंद पडली, एवढं तुला फोनवर सांगितलं होतं. ती पुन्हा सुरूच होईना आणि गार वाऱ्यात चार तास ते वाहत गेले, हे आईनं सांगू दिलं नाही. जाळीवाल्यांनी ओढून आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते, पण काठावर पाय ठेवताच पहिलं वाक्य काय, तर "कॉम्प्रेशन गेलंय." तेव्हापासून मागची शेड म्हणजे दवाखाना झाली आहे. बाबांनी प्लग काढला, त्या भोकात सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजायचं मीटर बसवलं आणि मोटर चालू करायची दोरी ओढली. काटा साठावर. (शंभराच्या वर हवा.) दुसरं सिलिंडर, तेही साठ. मग आईचा चमचा पळवून भोकातून तेल सोडलं, कारण तेलानं काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असं समजतात. चमचा वाया गेला, काटा साठावरच. मग माझ्या इस्त्रीच्या टेबलावर हेड उघडून गास्केट बदललं, तो वास ऑफिसात अजून माझ्या आधी पोचतो. पुन्हा साठ. मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, "काका, दोन्ही सिलिंडर एकदम आणि इतकी सारखी बसत नाहीत हो." बाबा म्हणाले, "जुळी आहेत." दोरीला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

रविवारी ते हात धुवायला आत गेले, तेवढ्यात मी सहज दोरी ओढली. (मी, ज्याला डब्याचं झाकण उघडायला आईला हाक मारावी लागते.) काटा एकशे पंधरा. घाईघाईनं मीटर दुसऱ्या भोकात फिरवलं, तिथेही एकशे पंधरा. ताई, मोटर ठणठणीत आहे. दोरी सावकाश ओढली की काटा चढत नाही, एवढीच गोष्ट. बाबांच्या खांद्यात जोर राहिलेला नाही. मी बटण दाबून काटा शून्यावर आणला आणि चोरासारखा उभा राहिलो. बाबा आले, दोन्ही हातांनी ओढली, कपाळाची शीर फुगली, साठ. मग मोटरवर हात ठेवून म्हणाले, "थकली बिचारी." मला तिथे उभं राहवेना. आत जाऊन आईशी चमच्यावरून भांडलो.

तुझ्या घरी सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. तू शनिवारी येते आहेस म्हणून खरं काम आता लिहितो. बाबांनी जाहीर केलंय की शेवटची दोरी तू ओढायची. "तिला मी शिकवलंय, तिचा हात म्हणजे माझाच. तिचेही साठ आले तर विकून टाकतो. काटा वर गेला तर सोमवारी पाण्यात." एकटेच जाणार, हे तुला सांगायला नको. तेव्हा कृपा करून हळू ओढ.

ता. क. २. डाव्या हातानं नको, त्यांना कळेल. आणि फार हळूही नको. काटा पन्नासावर राहिला, तर ते मोटर सोडून लगेच तुझा खांदा तपासायला घेतील.