बायकांच्या ओळीतला पेला

३ एप्रिल १९३८, रविवार. जालना.
आज देवळात प्रभुभोजन, प्रभूच्या आठवणीची भाकर आणि एकाच पेल्यातला द्राक्षरस. बायकांच्या ओळीला पेला एकच. नव्यांना पुढे बसवतात म्हणून पहिली झुंबरबाई, आणि माझ्या नशिबाने दुसरी मी. झुंबरबाई टेंभुर्णीची, नाताळात बाप्तिस्मा झालेली. मिसरी लावून दात काळेकुट्ट. पेल्याच्या काठावर काळी रेघ उमटली. शी! मी ओठ नुसते टेकवले, घोट घेतला नाही. हा तिटकारा नव्हे. हायजिन.

४ एप्रिल, सोमवार
आबांनी मला घरीच शिकवलं, बायबलावरून. त्यामुळे मन तपासायची सवय आहे. सकाळभर तपासलं. चूक झुंबरबाईची निघाली.
तरी ठरवलं, नम्र व्हायचं. ईस्टरला पुन्हा प्रभुभोजन. तोवर मन साफ झालं नाही तर पेल्याला हात लावायचा नाही.

५ एप्रिल
दिवसभर नम्र होते. कोणाच्या लक्षात आलं नाही.

७ एप्रिल, गुरुवार
बायकांच्या सभेत मोठ्याने प्रार्थना केली: प्रभो, आमच्यातल्या एका बहिणीचं तोंड शुद्ध कर. नाव घेतलं नाही. नुसतं तिच्याकडे तोंड केलं होतं.
नंतर झुंबरबाईने माझे हात धरले. म्हणाली, "माह्यासाठी देवापाशी एवढं कोणी मागितलं न्हाई, बाई. आजपासून मिसरी बंद. बिलकुल बंद." मन भरून आलं. हातांना मिसरीचा वास लागला. साबणाने धुतले. दोनदा.

१० एप्रिल, झावळ्यांचा रविवार
मिसरी सोडल्यापासून झुंबरबाईची दाढ ठणकते. गाल सुजलाय. देवळात लवंग चघळत होती, लाळ पदराला पुसत होती. माझ्याच प्रार्थनेचं फळ, पण बघवेना. आमच्या सभेतली दुर्गाबाई म्हणाली, "तिची मिसरी सुटली, आता तुझं नाक मुरडणं कधी सुटतंय?" दुर्गाबाईसाठीही प्रार्थना केली पाहिजे.

१५ एप्रिल, उत्तम शुक्रवार
उपास. पाळकसाहेब म्हणाले, कोणाशी बिनसलं असेल तर आधी समेट करा. माझं कोणाशीच बिनसलेलं नाही.
ईस्टरला मुद्दाम झुंबरबाईशेजारी बसणार. तिच्यानंतर पेला घेणार. मोठा घोट घेणार. आईला सांगितलं, आबांना सांगितलं. दुर्गाबाईला कळेल अशी व्यवस्था केली.

१७ एप्रिल, ईस्टर
शेजारी बसले. तयारी होती.
झुंबरबाईने पेला कपाळाला लावला आणि न पिताच माझ्या हातात दिला. हळूच म्हणाली, "घ्या बाई. मागच्या बारीला तुम्ही ओठ मिटूनच ठेवल्ते, दिसलं मला. अजून कोणी तोंड लावलं न्हाई, बिनघोर घ्या. मी घेते मागून."
एकदा पुढे गेलेला पेला मागे फिरत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.
काठ कोरडा, लख्ख. मी मोठा घोट घेतला आणि पेला पुढे दिला. घोट उतरताना मनात आलं, सुटले बाई. देवाचे आभारसुद्धा मानले.
ओळ संपेपर्यंत ती पेल्याकडे बघत होती.
घरी आल्यापासून तोंडाची किळस येते आहे. माझ्या. साबण लावून धुतलं. दोनदा. जात नाही.