डोनाकडचं आभारप्रदर्शन

ती. आई,

नमस्कार. हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणून खरं लिहिते.

काल पुष्करच्या ऑफिसातल्या अमेरिकन डोनाकडे थँक्सगिव्हिंगला गेलो होतो. या सणाला त्यांची माणसं कुठून कुठून घरी जातात. डोनाला यंदा योकोहामा सोडता आलं नाही, म्हणून तिने आम्हालाच घरचं केलं. इथल्या ओव्हनमध्ये टर्की मावेना, तर कोंबडीलाच टर्की म्हटलं. मी लाल भोपळ्याचे घारगे नेले होते.

जेवणाआधी प्रत्येकाने कुणाचे तरी आभार मानायचे, अशी त्यांची रीत. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानले तर विचारतील, काय बिनसलं? माझी पाळी आली तेव्हा घाबरून मनातलंच बोलले. "मी सासूबाईंची आभारी आहे. त्या पुण्यात आहेत."

डोनाला वाटलं, मला तुमची आठवण येतेय. ती रडली. तिला बघून पुष्कर रडला आणि त्याने जेवता जेवता तुमचं तिकीट काढलं.

घारगे सगळ्यांनी कौतुकाने एकेकच खाल्ले. तुमच्या हातचे असते तर डबा रिकामा आला असता. हे मात्र तिथे बोलले नाही.

अजून महिनाभर निवांत असलेली तुमची सून,
मिताली