धाकूला ग्रेस मार्क

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.
लांज्याच्या शाळेत आम्ही चाळीस पोरं एका दमात कविता म्हणायचो आणि गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे. टक, टक-टक. साठ-पासष्ट वर्षं झाली. काल नातीने, आम्रपालीने, पितळी ताटात फासा टाकला आणि तोच आवाज आला. डोळे भरले. बायको, शालन, म्हणाली, मी कांदा चिरतेय म्हणून.

प्रकरण असं. दर रविवारी आम्रपाली आणि तिच्या कॉलेजची शमिका आणि नितेश आमच्या ओटीवर एक गोष्टीचा खेळ खेळतात. प्रत्येकाचं एक पात्र. एकजण गोष्ट सांगतो, राक्षसांची कामं करतो. त्याला जीएम म्हणतात. लढाईत वार लागला की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. जीएम सम्यक नोकरीला पुण्याला गेला. ती जागा मी घेतली. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, गोष्ट काय मला पुस्तक शिकवणार? नियमांचं पुस्तक तीनशे वीस पानांचं. त्याला खाकी कव्हर घातलं. आजपुरतं तेवढं पुरे.

त्याच दिवशी. सायं. ७.
झकास. गुहेचं वर्णन चाळीस मिनिटं. राक्षस भुजंगप्रयातात बोलला. शमिकाने बाण मारला, फाशावर तीन. पुस्तकाप्रमाणे हुकला. पण तिने बाणाला उपमा छान दिली होती. मी बारा ग्रेस मार्क दिले. लागला. आम्रपाली माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकाने.

५ नोव्हेंबर, बुधवार.
कौतुकाने नव्हे. तिचं म्हणणं, फाशाचं ऐकायचंच नाही तर टाकायचा कशाला. मी समजावलं, बोर्डाचे पेपर तपासले आहेत, दोन मार्कांसाठी माझ्या हातून एकही पोर नापास झालेलं नाही. ती म्हणाली, राक्षस दहावीला बसलेला नाही.
ठीक. येत्या रविवारी नियम म्हणजे नियम.

९ नोव्हेंबर, रविवार.
पुस्तकाप्रमाणे लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. आमच्या दोन फेऱ्या झाल्या. साडेतीन तासांत. ओल्या दोरखंडाचा नियम पान १८९ वर सांगतात, तो तिथे नव्हता. शोधेपर्यंत शमिकाने कॉलेजचं जर्नल पूर्ण केलं. नितेशची पावसला जाणारी सव्वासातची एसटी चुकली, त्याचा काका बाइक घेऊन आला. शालन म्हणाली, एवढ्या वेळात मी राक्षसाला जेवू घालून परत पाठवला असता.
तरीही शिस्त आली, हे नाकारता येणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
तोड सापडली. सहापर्यंत नियम, सहानंतर गोष्ट. पुठ्ठ्यावर वेळापत्रक करून भिंतीला लावलं. दोन शाई वापरल्या. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?
आम्रपाली वेळापत्रक वाचून हळूच म्हणाली, आजोबा, हा रविवार नीट जाऊ दे, नाहीतर ती दोघं शमिकाकडे खेळायचं म्हणतायत. म्हणजे ओटी रिकामी. काळजी नाही. वेळापत्रक आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार.
वेळापत्रक कुणी बघितलंच नाही. मीही नाही.
पूल. मागे राक्षस. नितेशचा भालदार धाकू म्हणाला, तुम्ही दोघी पलीकडे जा, मी अडवतो. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं. तीन फेऱ्या त्याने एकट्याने पूल धरला. नियम आपोआप आठवत गेले, वर्णनाला दोन वाक्यं पुरली. शालन हातात कालथा घेऊन दारात उभी. घावणा तव्यावर करपला तरी हलली नाही.
मग राक्षसाचा वार. राक्षसाचा फासा मी टेबलावर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याआड टाकतो, तो घरंगळून बाहेर आला. वीस, म्हणजे सगळ्यात मोठा वार. सगळ्यांनी पाहिला. धाकूच्या जिवाचे गुण चारच उरलेले.
नितेश शांतपणे म्हणाला, "मेला ना, सर? सांगा तुमच्या शब्दांत."
शब्द होते. शार्दूलविक्रीडितात होते. पोराच्या तोंडाकडे बघितलं आणि सांगून टाकलं, राक्षसाचा पाय घसरला.
नितेशने धाकूच्या कागदाची घडी केली. शमिकाने फासे पिशवीत भरले. आम्रपाली दारातून वळून म्हणाली, "आजोबा, आज गोष्ट झाली होती. तुम्ही ती होऊ दिली नाहीत."
घावणे तसेच राहिले. भारावून गेली असावीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
ग्रुपवर मेसेज: रविवारी शमिकाकडे, जीएम आम्रपाली. मला विश्रांती मिळावी हा हेतू. पोरं समजूतदार आहेत.
शालनला विचारलं, मी चुकलो का. ती म्हणाली, शाळेत बरोबर होतात.
हे उत्तर नव्हे.

२३ नोव्हेंबर, रविवार. सायं. ५.
आम्रपालीला दोन रविवारांच्या वर जमणार नाही. दोन कशाला, आजच परततील. टेबल मांडलं, ताट घासलं, चार खुर्च्या. नवी गुहा लिहून तयार. वर्णन पंचवीसच मिनिटांचं. माणसाने थोडं बदलावं.

५.२०. बेल. शालनला म्हटलं, बघ, सांगितलं होतं.

५.४०.
पोरं नव्हती. दारात शेजारच्या सावित्रीकाकी. त्यांच्या परड्यात गेलेल्या आमच्या हापूसच्या फांदीवरून अकरा वर्षं अबोला. नवी साडी नेसलेल्या. मी 'या'सुद्धा म्हणायला विसरलो. त्यांची स्वयंपाकघराची खिडकी आमच्या ओटीला लागून, तीन रविवार सगळं ऐकू येत होतं म्हणाल्या. गेल्या रविवारी वीस पडल्यावर त्या खिडकीतून उठल्या, पुढचं ऐकवेना. आठ दिवस विचारू की नको, विचारू की नको.
"गुरुजी, त्या पुलावरच्या धाकूचा काय झाला ओ?"
पाय घसरल्याचं सांगितलं. जरा सजवूनच.

"म्हणजे तो मेलो नाय? आणि मी त्या दिवशी जेवलंय नाय."
मग पोरं कुठायत म्हणाल्या, आणि शमिकाकडे खेळतायत म्हटल्यावर पदर सारखा करून त्यांनी तिचं घर कुठे ते विचारलं. मी कागदावर नकाशा काढून दिला, पिंपळाच्या पारासकट. आतून शालनचा आवाज आला, थांबा ओ काकी, चप्पल घालते, मीपण येतेय.